वामन कुणाच्या बाजूचा?

या कार्यक्रमात आपण एरवी शेळीपालन, पासबुक, परसबाग, बाळंतिणीचा आहार असल्या गोष्टींवर बोलतो. आज आम्ही एका कादंबरीबद्दल बोलणार आहोत. कादंबरी विज्ञानाची आहे. तिच्यात यंत्रमानव आहे, जमिनीत सापडलेली एक पेटी आहे, आणि त्या पेटीवरून चाललेलं राजकारण आहे. कोण कुणाला फितूर, कुणाच्या हातात किल्ली, कुणाला काय कळू द्यायचं आणि कुणापासून काय लपवायचं, हे सगळं आहे. म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत जे असतं तेच. म्हणूनच ती आमच्या गटातल्या बायांना चटकन समजली.

कादंबरीचं नाव ‘वामन परत न आला’. लेखक डॉ. जयंत नारळीकर. आमच्या तीन गटांनी मिळून ती वाचली. महिन्याची बचत जमा झाली, इतिवृत्त लिहून झालं, सह्या-अंगठे झाले की वीस मिनिटं वाचन. ज्यांना अक्षर ओळखू येतं त्यांनी पाळीपाळीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि मध्येच थांबवून विचारायचं. मध्येच थांबवायची मुभा असल्यानं पुस्तक संपायला फार दिवस लागले. पण त्या थांबवण्यातूनच खरी चर्चा झाली. तीच आज तुमच्यापुढं मांडतो.

आधी या जातीच्या गोष्टींबद्दल थोडं. इंग्रजीत अशा गोष्टींचा एक मोठा संसार आहे, त्याला ‘स्पेस ऑपेरा’ म्हणतात. ताऱ्या-ताऱ्यांवर राज्यं असतात, त्यांचे राजे, सरदार, सेनापती असतात, आकाशातून जाणारी जहाजं असतात, आणि एक कुणीतरी गरीब, दुबळा, कुणाच्या खिजगणतीत नसलेला माणूस असतो. तोच शेवटी मोठ्या साम्राज्याला भारी पडतो. १९७७ साली आलेला ‘स्टार वॉर्स’ हा सिनेमा असाच. त्याचा नायक कुठला? वाळवंटी ग्रहावरच्या शेतातला पोरगा. त्याच्या काकाचा धंदा काय, तर हवेतला ओलावा पकडून पाणी काढणं. हे ऐकल्यावर आमच्या एक मावशी म्हणाल्या, “आगं, हा तर आपल्याच गावचा निघाला की!”

१९६५ साली अमेरिकेतल्या फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ ही कादंबरी आली. तिच्यातही सगळा ग्रह कोरडा. तिथली माणसं पाण्याचा थेंबसुद्धा वाया घालवत नाहीत. अंगातला घामसुद्धा परत वापरता यावा म्हणून खास पोशाख घालतात. त्या कोरड्या ग्रहावर एक मौल्यवान पदार्थ सापडतो, आणि त्यासाठी मोठमोठी घराणी एकमेकांवर उठतात. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण बघितलं आहे. पाणी कमी झालं की त्याच्याभोवती राजकारण उभं राहतं. त्यासाठी दुसऱ्या ग्रहावर जायची गरज नाही.

आणि खरं सांगायचं तर अशी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कीर्तनात ऐकली, पुराणात ऐकली. एक बुटका बटू येतो, राजाकडं तीन पावलं जमीन मागतो. राजा हसून देतो. मग तो बटू वाढतो, वाढतो, एका पावलात पृथ्वी व्यापतो, दुसऱ्या पावलात आकाश, आणि तिसरं पाऊल राजाच्या डोक्यावर. लहान माणूस, मोठं राज्य, आकाशापर्यंत गेलेलं पाऊल आणि दानाच्या आडून केलेलं राजकारण. नारळीकरांनी आपल्या कादंबरीला वामनाचं नाव दिलं ते काही उगाच नाही.

लेखक कोण, तेही थोडक्यात सांगतो. जयंत विष्णू नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरचा. वडील बनारसच्या हिंदू विद्यापीठात गणित शिकवायचे, आई संस्कृतच्या जाणकार. नारळीकर इंग्लंडात केंब्रिजला शिकले. विश्व कसं तयार झालं, या प्रश्नावर फ्रेड हॉईल या शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी काम केलं. १९६५ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आत-बाहेर, त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७२ मध्ये ते भारतात परतले, मुंबईच्या टाटा संशोधन संस्थेत रुजू झाले, आणि १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था त्यांनी उभी केली. ‘आयुका’ हे नाव लक्षात ठेवा, पुढं आपल्याला लागणार आहे. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

एवढा मोठा माणूस, पण पहिली मराठी विज्ञानकथा पाठवली ती नाव बदलून. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेची कथास्पर्धा होती. आपलं नाव बघून कुणी बक्षीस द्यायला नको म्हणून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ असं नाव लावलं. स्वतःच्याच नावाची आद्याक्षरं उलटी केली, ज. वि. ना. चं ना. वि. ज. केलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हातानं लिहून घेतली. कथेचं नाव ‘कृष्णविवर’. तिला पहिलं बक्षीस मिळालं. पुढं त्यांनी ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘व्हायरस’ अशी पुस्तकं लिहिली. २०२१ च्या नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

ते ज्यांच्या अक्षरात गेलं त्या मंगलाताई नारळीकर स्वतः गणितज्ञ होत्या. तीन मुली, घर, सासू-सासरे सांभाळत त्यांनी १९८१ मध्ये मुंबई विद्यापीठाची गणितातली पीएच.डी. मिळवली. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशीही संख्या वाचायची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतं का? टिंगलसुद्धा झाली. त्या वेळी ही पद्धत लेकरांना का सोपी जाते हे शांतपणे समजावून सांगणाऱ्या मंगलाताईच होत्या. आमच्या गटात जिनं पन्नाशीत हिशेब लिहायला घेतला ती बाई म्हणाली, “एकोणसत्तर का एकोणऐंशी, यात मपले किती तरी दिवस गेले. वीस एक लई बरं.” जुलै २०२३ मध्ये मंगलाताई गेल्या.

आता गोष्ट. एका मोठ्या शास्त्रीय प्रयोगासाठी जमिनीत खोल खोदकाम चालू असतं. त्या खोदकामात एक पेटी सापडते. ही पेटी आजची नाही. हजारो वर्षांपूर्वी या भूमीवर एक फार पुढारलेली संस्कृती नांदत होती, तिनं ती मागं ठेवली आहे. पदार्थविज्ञान जाणणारा, संगणक जाणणारा आणि जुन्या वस्तूंचा अभ्यासक असे तिघं मिळून पेटीतली माहिती उलगडू लागतात. माहिती अशी की आजच्या विज्ञानाला तिथवर पोचायला किती तरी काळ लागला असता.

मग सुरू होतं राजकारण. पेटीची बातमी किती जणांना सांगायची? सरकारनं गुप्त ठेवायची का? ज्यांच्याकडं पैसा आहे, ज्यांना सत्ता हवी आहे, त्यांना वास लागतो. माणसं पेरली जातात, फोडली जातात. आणि त्या माहितीच्या आधारानं शास्त्रज्ञ एक यंत्रमानव तयार करतात. त्याचं नाव वामन. वामन हुशार आहे, सांगितलेलं काम करतो, शिकतो. पण त्याला एक गोष्ट हवी असते. त्याला आपल्यासारखे आणखी वामन घडवायचे असतात. इकडं शास्त्रज्ञांपुढं दुसरा प्रश्न उभा राहतो. एवढी पुढारलेली ती संस्कृती, मग ती गेली कुठं? नष्ट कशी झाली? त्याचं उत्तर आणि वामन, यांचा एकमेकांशी संबंध आहे. यापुढं आम्ही सांगणार नाही. ते तुमच्या गटात वाचा.

आता यात आपलं काय, असं कुणी म्हणेल. तर ऐका. कादंबरीत शास्त्रीय प्रयोगासाठी जमीन खोदतात ना, तसाच एक प्रयोग आपल्या उशाशी येतो आहे. औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा शिवारात. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधी औंढा आपल्या परभणी जिल्ह्यातच होतं. आजही जिंतूरवरून औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला आपल्या बाया जातात. तिथं ‘लायगो-इंडिया’ नावाची वेधशाळा उभारायची आहे. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. त्यात जबाबदारी घेतलेल्या संस्थांपैकी एक आहे पुण्याची ‘आयुका’, म्हणजे नारळीकरांनी उभी केलेली संस्था.

ही वेधशाळा दुर्बिणीची नाही. विहिरीत दगड टाकला की पाण्यावर लहरी उठतात आणि काठाला येऊन लागतात, हे आपण रोज बघतो. तसं आकाशात दोन फार जड वस्तू एकमेकींवर आदळल्या की सगळ्या अवकाशातच लहर उठते. त्यांना गुरुत्वीय लहरी म्हणतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी अशी लहर पहिल्यांदा टिपली. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, आणि त्या लहरीला आपल्यापर्यंत पोचायला सुमारे १३० कोटी वर्षं लागली होती. कृष्णविवर म्हणजे ज्याची ओढ एवढी की प्रकाशसुद्धा बाहेर निसटत नाही. नारळीकरांच्या त्या पहिल्या कथेचं नाव तुम्हाला आठवत असेलच.

लहर टिपायची कशी? काटकोनात दोन लांब नळ्या ठेवायच्या, प्रत्येकी ४ किलोमीटर. दोन्हींत लेझरचा प्रकाश सोडायचा. तो टोकाच्या आरशावर आदळून परत येतो. लहर आली की एक नळी किंचित लांबते, दुसरी किंचित आखडते. हे किंचित म्हणजे अणूच्या आतल्या कणापेक्षाही कितीतरी लहान. म्हणून जागा शांत लागते. जवळून रेल्वे गेली, जड ट्रक गेले, तरी यंत्राला ते जाणवतं. आजवर आपल्या भागात मोठा कारखाना नाही, मोठी वर्दळ नाही, हे आपण रडगाणं म्हणून सांगत आलो. तोच शांतपणा इथं कामाला आला. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण गमतीनं म्हणतो. या बाबतीत ते जरा खरं व्हायला लागलं आहे.

हे सगळं कळल्यावर गटात चर्चेला तोंड फुटलं. त्यात तीन वाद झाले.

पहिला वाद पेटीचा. काही जणी म्हणाल्या, असली पेटी सापडली तर गुप्तच ठेवावी, वाईट माणसाच्या हातात गेली तर काय घ्या. दुसऱ्या म्हणाल्या, गुप्त ठेवणारा चांगला राहील याची हमी कोण देणार? गावात योजना येते, तिची माहिती आधी दोन-तीन घरांना कळते, मग अर्जाची मुदत संपली की बाकीच्यांना. ती माहिती कुणी चोरलेली नसते, फक्त ‘वेळेवर सांगितलेली’ नसते. एक वहिनी बोलल्या, “पेटी कुणाला सापडली ह्याला किंमत न्हाई. पेटी कुणापुढं उघडली ह्याला किंमत हाय.” यावर आमचं एकमत झालं. म्हणूनच तर आपल्या गटात पेटीची किल्ली एकीकडं, पेटी दुसरीकडं आणि हिशेबाची वही तिसरीकडं असते. बैठकीत सगळ्यांसमोर पैसे मोजतात. हा नियम ज्यानं काढला त्याला माणसाचा स्वभाव ठाऊक होता.

दुसरा वाद यंत्राचा. वामन माणसाचं काम हलकं करायला आला. यंत्र चांगलं की वाईट? आमच्यात दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्या होत्या. पिठाची गिरणी आली तेव्हा जात्यावर पहाटेपासून दळणाऱ्या बाईची सुटका झाली. नळ आला तर डोक्यावरची घागर उतरली. त्याला कुणी वाईट म्हणणार नाही. पण सोयाबीनच्या शेतात तणनाशक आलं आणि खुरपणीची रोजी आटली, हेही खरं आहे. पाठीवरचा पंप पुरुषाच्या पाठीवर गेला, खुरपं बाईच्या हातातून गेलं. काढणीला हार्वेस्टर आलं, तिथंही तेच. यंत्र ज्याच्या मालकीचं त्याचं काम वाचतं. ज्याच्याकडं फक्त हात आहेत त्याचं काम जातं. गिरणीनं आपलं बिनपैशाचं काम नेलं म्हणून आपण खूश झालो, तणनाशकानं पैशाचं काम नेलं म्हणून आपल्याला झळ बसली. यंत्र आलं की दोन प्रश्न विचारायचे, असं आमचं ठरलं. मालक कोण? आणि कुणाचं कोणतं काम जाणार? या प्रश्नांवरूनच एका गटानं ठरवलं की पुढचं कर्ज घेताना पिठाची गिरणी किंवा डाळीचं यंत्र गटाच्या नावावर घ्यायचं, कुणा एकीच्या नवऱ्याच्या नावावर नाही.

तिसरा वाद सगळ्यांत जोराचा झाला. तो वामनाचा. वामन चांगला का वाईट? एक आजी आहेत, साठी उलटून गेलेल्या, शाळेत कधी गेल्या नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “त्यानं काय वंगाळ मागितलं? आपल्यासारखे आणखी चार जण मागितले. एकटा जीव दुसऱ्याच्या घरी राबतोय, त्याला सोबत नको व्हय? आपण तरी दहा जणी कशाला जमलो?” सगळ्या गप्प. खरंच की. एकटी बाई बँकेत गेली तर तिला बाहेर बसवतात. दहा जणी ठराव घेऊन गेल्या की साहेब खुर्ची देतो. वामनालाही तेच कळलं असेल, की एकट्याचं कुणी ऐकत नाही.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी होती. एक ताई म्हणाल्या, “आपण दहा जणी जमलो तर आपल्यात भांडण व्हतंय, नियम व्हतेत, एखादी म्हणती मला हे पटत नाही. सगळे वामन एकसारखेच असले तर त्यांना अडवणार कोण?” ह्याला उत्तर द्यायला कुणापाशी शब्द नव्हते. गट आणि झुंड यात फरक आहे तो एवढाच. गटात नाही म्हणता येतं.

आणि मग बळीराजा आला. पुराणातल्या वामनाची गोष्ट आपण कीर्तनात भक्तिभावानं ऐकतो. पण दिवाळीच्या पाडव्याला आपणच ओवाळताना बळीचं राज्य येऊ दे म्हणतो. ज्याला पाताळात घातलं त्याचं राज्य मागतो. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ या पुस्तकात हीच गोष्ट बळीच्या बाजूनं मांडली. बळी म्हणजे रयतेचा राजा, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे लहान कोण आणि मोठा कोण, दुबळा कोण आणि कपटी कोण, हे गोष्ट कोण सांगतं त्यावर ठरतं. बुटका दिसतो म्हणून तो दुबळाच असेल असं नाही. हात जोडून तीन पावलं मागणारा पुढं किती व्यापेल, ते मागताना कळत नाही.

हे सगळं आम्ही पुस्तकापुरतं बोलत होतो. पण त्याच महिन्यात खऱ्या कामाला आलं.

एका कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस गावात फिरत होता. नाव सांगायचं कारण नाही. गोड बोलायचा. दहा बायांचा गट करा, फोनवर अंगठा द्या, आधार द्या, आलेला आकडा सांगा, दोन दिवसांत पैसे खात्यात. हप्ता छोटा, आठवड्याचा. “मावशी, एवढंसं तर मागतोय,” असं म्हणाला. त्याबरोबर मागं बसलेल्या आजी हळूच म्हणाल्या, “तीन पावलं.” सगळ्या हसल्या. तो बिचारा बघतच राहिला.

मग त्याला आम्ही खाली बसवलं, पाणी दिलं आणि म्हणालो, दादा, आधी शेवटचं पान दाखवा. त्या पेटीतल्या लोकांचं शेवटी काय झालं ते आधी वाचलं असतं तर पुढचं टळलं असतं, एवढं आम्ही शिकलो होतो. आणि विचारायला आमच्या हातात नियमही होते. तेच आता तुम्हाला सांगतो. कागद-पेन असेल तर लिहून घ्या.

रिझर्व्ह बँकेचे सूक्ष्म कर्जाचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. ज्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत आहे, त्याला दिलेलं विनातारण कर्ज ते सूक्ष्म कर्ज. त्यासाठी काही तारण मागता येत नाही. कुटुंबावर असलेल्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते, महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. व्याज, फी, विमा असं सगळं धरून कर्ज किती टक्क्यांना पडतं, ते एका साध्या माहितीपत्रकावर आधी द्यावं लागतं. कर्जाचं कार्ड आपल्याला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं. मुदतीआधी पैसे फेडले तर दंड नाही. हप्ता उशिरा भरला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर, सगळ्या कर्जावर नाही. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. धमकी, शिवीगाळ, शेजाऱ्यापाजाऱ्यांत बदनामी चालत नाही. आणि फोनवर आलेला आकडा, म्हणजे ओटीपी, कुणालाही सांगायचा नाही.

त्या माणसाकडं मराठीतला कागद नव्हता. पुढच्या वेळी आणतो म्हणाला आणि गेला. पुन्हा आला नाही. वामनासारखाच, असं आमच्यातल्या एकीनं म्हटलं. आम्ही कर्जाच्या विरोधात नाही. आमच्या गटांनी बँकेचं कर्ज घेतलं आहे, फेडलं आहे, पुन्हा घेतलं आहे. पण त्या दिवशी तिथं अशा दोघी होत्या की ज्यांच्यावर आधीच दोन ठिकाणचे हप्ते होते. एकीनं लेकीच्या लग्नासाठी घेतले होते, दुसरीनं नवऱ्याच्या दवाखान्यासाठी. तिसरा हप्ता त्यांना उभं राहू देणारा नव्हता. त्या दोघींनी हे सगळ्यांसमोर पहिल्यांदाच सांगितलं. आतापर्यंत लाजेनं बोलल्या नव्हत्या. आता गटाच्या अंतर्गत कर्जातून त्यांचा महागातला एक हप्ता आधी मोकळा करायचा, असा ठराव झाला आहे. तसा तो झालाही, एकीचा. दुसरीचा पुढच्या हंगामात होईल.

आपल्या जिल्ह्यात गंगाखेडला जन्मलेली जनाबाई दुसऱ्याच्या घरी दळण-कांडण करत होती. तिचं नाव सात शतकं टिकलं. तिच्या काळी त्या घरात मोठी माणसं कितीतरी येऊन गेली असतील. त्यांची नावं कुणाला ठाऊक आहेत? दुबळा नायक म्हणजे काय, हे आपल्याला परक्या ग्रहावरून शिकायचं नाही. पण परक्या ग्रहावरच्या गोष्टीत आपलं तोंड दिसलं की आपण जरा वेगळ्या नजरेनं स्वतःकडं बघतो. घरातल्या आरशात रोज बघून जे दिसत नाही, ते कधी कधी विहिरीच्या पाण्यात दिसतं.

तुमच्या गटात वाचायचं असेल तर आमचा अनुभव सांगतो. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ग्रंथालयात नारळीकरांची पुस्तकं मिळतात. कादंबरी मोठी वाटली तर त्यांच्या छोट्या कथांपासून सुरुवात करा. एका बैठकीत वीस मिनिटांच्या वर वाचू नका, स्वयंपाकाची वेळ झाली की कान घराकडं लागतात. अवघड शब्द आला तर शाळेत जाणाऱ्या लेकीला विचारा. आमच्याकडं आठवीतल्या एका पोरीनं गुरुत्वीय लहरी बादलीतल्या पाण्यात बोट बुडवून समजावून दिल्या, आणि तेव्हापासून तिची आई तिला शेतात नेताना दोनदा विचार करते. वाचून झालं की एकच प्रश्न ठेवा, दहा नकोत. आणि ज्या कधीच बोलत नाहीत त्यांना आधी बोलू द्या.

एक प्रश्न आम्ही तुमच्याकडंच सोडतो आहोत, कारण आमच्याकडं त्याचं एकमत झालं नाही. तुमच्या गावाच्या शिवारात उद्या ती पेटी सापडली, आणि ती उघडायची का नाही हे ठरवायला ग्रामसभा बोलावली, तर तुम्ही काय म्हणाल? आणि त्याआधी, त्या ग्रामसभेला तुम्ही जाल का? तुमच्या गटात बोलून उत्तर इतिवृत्ताच्या वहीत लिहा आणि रेडिओ केंद्राकडं पाठवा. आलेली उत्तरं इथं वाचून दाखवू.

पुढच्या भागात तुरीच्या डाळीची प्रतवारी आणि पॅकिंग यावर बोलणार आहोत. तोवर नमस्कार.